वाढत्या अंगाचा बोर्ड

आक्कांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझं नाव विचारलं नाही. दारात उभ्या राहून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "डावा खांदा अर्धा इंच उतरलाय तुझा. पिशवी त्याच खांद्यावर घेतूस व्हय?"

मी हो म्हणालो.

"मग ऱ्हा. वरची खोली रिकामी हाय. चप्पल खाली काढायची."

एवढ्या मुलाखतीवर मला कोल्हापुरात मंगळवार पेठेत खोली मिळाली. त्याआधी दोन घरांत माझं आडनाव ऐकल्यावर 'आत्ताच एकाला शब्द दिलाय' असं सांगून झालं होतं. त्यामुळे इथंही आडनाव सांगायची वेळ येईल म्हणून मी तयार होतो. ती वेळ आलीच नाही. पुढे आक्कांना माझं आडनाव कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आसंल." आणि सुईत दोरा ओवायला लागल्या.

मी राधानगरीकडचा. डिप्लोमा करून कोल्हापुरातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये हार्डवेअर शिकवायला लागलो होतो. नवं शतक नुकतंच लागलं होतं आणि कॉम्प्युटर शिकवणाऱ्या माणसाकडे लोक डॉक्टरकडे बघावं तसं बघायचे. पोरं मला 'सर' म्हणायची. मीही स्वतःला सर समजायला फार लवकर शिकलो होतो. हार्डवेअर मात्र शिकायचं राहून गेलं होतं. संध्याकाळी पुस्तकातलं एक प्रकरण वाचायचं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात ते असं सांगायचं, की ऐकणाऱ्याला वाटावं हे यंत्र मीच जन्माला घातलंय.

आक्का ब्लाऊज शिवायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलती एक मुलगी गगनबावड्याला दिलेली. खालच्या पुढच्या खोलीत त्यांचं कापड बेतायचं टेबल होतं. ते एवढं मोठं होतं, की आधी टेबल ठेवून मग भोवती भिंती बांधल्या असाव्यात. गल्लीतल्या बायकांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, मापं राहत. "ती साडेतेरा पाठीची आलती, तुझ्याकडं काय तरी काम हाय म्हणत हुती," असा निरोप मिळाला की मी अर्धा दिवस विचार करत बसायचो. आमटीत मीठ कमी पडलं तर ती त्यांना 'सैल' लागायची. भांडण मिटलं की 'शिवण बसली' म्हणायच्या. कोणी थापा मारायला लागलं तर तोंडावर सांगायच्या, "अस्तर दिसतंय तुझं."

आणि त्यांना खेळायचं वेड होतं. पत्ते, कॅरम, सागरगोटे, काहीही. खेळात त्यांना हरलेलं चालायचं नाही. हरल्या की "डाव परत!" म्हणून ओरडायच्या. जिंकल्या तर प्रकरण आणखी कठीण असायचं, कारण मग त्या समोरच्या बाईला बसवून घेऊन तिचं कुठं कुठं चुकलं ते समजावून सांगायच्या. चहा निवायचा, पण चुका संपायच्या नाहीत. हळूहळू गल्लीतल्या बायका हुशार झाल्या. ब्लाऊज टाकायला यायच्या, हळदीकुंकवाला यायच्या, पण आक्कांच्या हातात पत्त्यांचा कॅट दिसला की प्रत्येकीला घरी गॅसवर ठेवलेलं दूध आठवायचं.

राहता राहिलो मी. एका रविवारी त्यांनी मला कॅरमला बसवलं. मला वाटलं, म्हातारी बाई आहे, एकटी आहे, जिंकू दे. राणी अगदी भोकाच्या तोंडावर असताना मी स्ट्रायकर मुद्दाम लांबून काढला. आक्कांनी राणी घेतली नाही. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"सोडलीस व्हय?"

"नाही आक्का, चुकला नेम."

"माझ्यापशी न्हाय चालायचं हे. मी काय भीक मागाय बसलीया? हरवायचं तर हरीव, न्हायतर उठ."

त्यांनी सोंगट्या डब्यात भरल्या, बोर्ड भिंतीला लावला आणि त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. एकटेपणावर मी उपाय करायला गेलो होतो आणि त्यांचा उरलासुरला गडीही मीच कमी करून ठेवला होता.

अशातच एका दुपारी मी खोलीची किल्ली विसरलो आणि आक्का ती द्यायला क्लासवर आल्या. जेवणाची सुट्टी होती. म्हणजे 'सर' आणि पोरं मिळून मोटारींच्या शर्यतीचा गेम खेळत होते. आक्का केव्हा मागे येऊन उभ्या राहिल्या मला कळलं नाही. शर्यत संपल्यावर कानाशी आवाज आला, "ही लाल गाडी तुझी. मग बाकीच्या सात कुणाच्या?"

मी दचकून उठलो. "कुणाच्याच नाहीत, आक्का. कॉम्प्युटरच चालवतो."

"हरल्यावर उठून जात्यात?"

"नाही."

"रागावत्यात?"

"नाही हो."

"आन् समोरच्याची दया येऊन मुद्दाम हरत्यात?"

पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी मान खाली घालून नाही म्हणालो.

आक्कांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "मग मला असलं एक शिवून दे."

त्या संध्याकाळी मी आक्कांच्या टेबलाशी बसून कॉम्प्युटर कसा 'शिवायचा' याचं व्याख्यान दिलं. माझ्या सगळ्या व्याख्यानांसारखंच ते लांब होतं. मदरबोर्ड म्हणजे मूळ पाट, बाकी सगळं त्याच्यावर बसतं, हे त्यांना लगेच पटलं. बोर्ड मापामापाचे येतात म्हटल्यावर तर त्या सावरूनच बसल्या. मी सांगितलं की पूर्ण मापाचा, एटीएक्स म्हणतात तो घ्यायचा. त्याच्यावर जादा कार्डं बसवायला पुष्कळ खाचा असतात, त्यांना स्लॉट म्हणतात. मधला, मायक्रो एटीएक्स, लांबीला आखूड असतो आणि त्याला स्लॉट कमी. तो आपल्यासारख्यांनी घेऊ नये.

"आपल्यासारख्यांनी म्हंजे?"

"म्हणजे ज्यांना कळतं त्यांनी."

"बरं. ह्या खेळाला किती खाचा लागत्यात?"

"एक. चित्र चांगलं दिसायला ग्राफिक्स कार्ड घालावं लागतं, त्याची."

"मग बाकीच्या खाचांत काय घालणार?"

मी म्हणालो, "आज काही नाही. पण उद्या काही लागलं तर?"

आक्का हसल्या. फार दिवसांनी हसल्या. "वाढत्या अंगाचं म्हण की सरळ. आरं, वाढत्या अंगाचं पोराला शिवत्यात. ही पेटी काय उंच हुणार हाय व्हय? मी तर आता आखडत चाललीया."

मग त्यांनी माझ्याकडून मापं घेतली. जुन्या वर्तमानपत्रावर खडूनं आखून दोन्ही बोर्डांचे कागद कापले. सर्वात छोटा, हातरुमालाएवढा एक बोर्ड परदेशात निघालाय असं मी मासिकात वाचलं होतं. ज्ञान दाखवायला मी त्याचंही माप सांगितलं, आक्कांनी तोही कागद कापला, आणि मग तो बोर्ड कोल्हापुरात मिळत नाही आणि त्याच्यावर आपलं कार्ड बसतही नाही हे कबूल करावं लागलं. "मग सांगितलंस कशाला?" म्हणून त्यांनी तो कागद चुरगळला. टेबलाखाली अस्तराच्या कापडांचा एक खण होता. कॉम्प्युटरची पेटी तिथंच बसायला हवी होती, कारण टेबलावर कापड पसरायचं असे आणि खोलीत दुसरी जागाच नव्हती. मधल्या मापाची बुटकी पेटी त्यात बसत होती. पूर्ण मापाची उंच पेटी बसत नव्हती. बजेट बेताचं होतं आणि बेतणं हा तर आक्कांचा धंदाच. त्यांनी मधला कागद माझ्या हातात दिला. "हे माप आण."

मी पूर्ण मापाचा आणला.

आता विचार करतो तेव्हा वाटतं, असं का केलं असेल? पण तेव्हा मला अजिबात शंका नव्हती. ब्लाऊज शिवणाऱ्या बाईच्या कागदावरून हार्डवेअरच्या सरांनी मदरबोर्ड घ्यायचा, ही गोष्ट क्लासमध्ये कळली असती तर? शिवाय दुकानदारानं मला "सर, तुम्हाला काय सांगायचं, मोठाच घ्या" असं म्हटलं. मला सर म्हणणाऱ्या माणसाचं मी कधीच मोडत नसे. रिक्षातून ती उंच पेटी मांडीवर घेऊन आलो. गल्लीतले लोक बघत होते आणि मी वरातीतल्यासारखा बसलो होतो.

पेटी खणात गेली नाही. उभी जाईना, म्हणून मी आडवी घालून बघितली, तर ती अर्धी बाहेर आली. आक्का आरडाओरडा करतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त डोळ्यांवरचा चष्मा काढला.

"मास्तर, कागद कुठाय?"

कागद माझ्या खिशात होता. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"उसव," आक्का म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी पेटी परत नेली. दुकानदार भला माणूस, त्यानं बदलून द्यायचं कबूल केलं, पण आता त्याच्या चेहऱ्यावरचा 'सर' थोडा उतरला होता. तो परत चढावा म्हणून मी घाईघाईनं म्हणालो, "मायक्रो द्या कुठलाही. मला सगळे माहीत आहेत." त्यानं दिला. मी खोका उघडूनही बघितला नाही. माहीत असलेल्या वस्तूचा खोका कशाला उघडायचा?

घरी आल्यावर सगळं अगदी शिस्तीत बसलं. बुटकी पेटी खणात अशी गेली की आक्कांनी तिच्यावर हात फिरवला. मग मी पेटी बाहेर ओढली, ग्राफिक्स कार्ड हातात घेतलं आणि बोर्डावर त्याची खाच शोधायला लागलो. डावीकडून शोधली, उजवीकडून शोधली, बॅटरीच्या उजेडात शोधली. कार्ड वेगळ्या जातीचं होतं, त्याला एजीपी नावाची खास खाच लागायची. स्वस्तातल्या काही छोट्या बोर्डांवर ती नसतेच. हे मला ठाऊक होतं. त्याच आठवड्यात मी ते वर्गात फळ्यावर लिहून, खाली रेघ मारून शिकवलं होतं.

आक्का माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी ते कार्ड माझ्या हातातून घेतलं, उलटसुलट केलं आणि शांतपणे म्हणाल्या, "बटण हाय. काजच न्हाय."

मी म्हणालो, "तसंच काहीसं."

"तू पोरास्नी हेच शिकीवतूस व्हय रं?"

"हो."

"आन् पोरं शिकत्यात?"

तिसऱ्या खेपेला आक्का स्वतः माझ्याबरोबर दुकानात आल्या. कार्ड रुमालात गुंडाळलेलं, कागद पोलक्यात. दुकानदारानं त्यांना "या आजी" म्हटलं आणि त्याबद्दल त्याला "शर्टाला बाही मोठी झालीया तुझ्या" हे ऐकून घ्यावं लागलं. मग त्यांनी काउंटरवर बोर्ड मांडायला लावले. प्रत्येकावर कागद ठेवून बघितला, मग प्रत्येक वेळी दुकानदाराला फर्मावलं, "काज दाखीव." माप बसलं आणि काजही सापडलं असा एक बोर्ड निघाला. तो मी घेऊ म्हणालो तर त्यांनी नाकारला. का, तर रंग तपकिरी. "माती लागल्यावानी दिसतंय." तो पेटीच्या आत बंद राहणार, दिसणारच नाही, असं मी आणि दुकानदार दोघांनी सांगितलं. आक्का म्हणाल्या, "अस्तर बी दिसत न्हाय. म्हणून काय मळकं लावायचं?" शेवटी त्याच मापाचा हिरवा मिळेपर्यंत आम्ही तिथंच बसलो. दुकानदार तोवर त्यांना 'आक्का' म्हणायला लागला होता आणि मला काहीच म्हणत नव्हता.

असा तो कॉम्प्युटर शिवून झाला. मॉनिटर खिडकीच्या रुंद कट्ट्यावर, कीबोर्ड टेबलावर, पेटी खणात. पहिल्या दिवशी शर्यत मस्त चालली. दुसऱ्या दिवशी अर्ध्या शर्यतीत सगळं काळं झालं. थोड्या वेळानं चालू झालं, परत काळं. मी बोर्डाला दोष दिला, वायरिंगला दोष दिला, मग पेटी बाहेर ओढली आणि बघतच राहिलो. आक्कांनी पेटीला मखमलीचं कव्हर शिवलं होतं. कडेला पायपिंग, आत कापूस भरलेला, आणि हवेच्या सगळ्या जाळ्या व्यवस्थित शिवून बंद.

"धूळ जाती म्हणून शिवलं."

"आक्का, ह्याला गरम होतं. गुदमरून बेशुद्ध पडतंय ते."

माझ्या त्या नोकरीतलं हे एकच निदान बरोबर निघालं. मी ते जरा जास्तच वेळ समजावून सांगितलं. आक्कांनी ऐकून घेतलं, कात्री आणली आणि कव्हरला दोन्ही बाजूंनी खिडक्या पाडून तिथं मच्छरदाणीची जाळी लावली. वर म्हणाल्या, "माप सांगितलंस, घाम येतोय हे न्हाय सांगितलंस." म्हणजे चूक माझीच.

मग त्या हरायला लागल्या. रोज, मनापासून, आठवा नंबर. गाडी भिंतीवर, गाडी पाण्यात, गाडी उलट्या दिशेनं. मला भीती होती की त्या कीबोर्ड फेकतील. पण उलटंच झालं, त्या खूष होत्या. "कुणी सोडत न्हाय बघ," असं कौतुकानं सांगायच्या. आठव्याच्या सातव्या झाल्या, पाचव्या झाल्या. गल्लीतले ब्लाऊज लांबायला लागले. आणि एका संध्याकाळी मी क्लासवरून येतोय तर खालूनच हाक आली, "मास्तर! पयला!"

मी धावत आत गेलो. पडद्यावर आक्कांची लाल गाडी पहिली होती, कागदी फुलं उडत होती. आक्का मात्र खुर्चीत मागे टेकून पडद्याकडे बघत होत्या.

"काय झालं आक्का? जिंकलात की."

"ह्यांस्नी काय वाटतच न्हाय की रं," त्या म्हणाल्या. "निळी गाडी वळणाला उगंच दबली. मी सांगणार कुणाला? एक बी थांबून ऐकत न्हाय. असल्यांस्नी हरवून काय उपेग?"

त्या रात्री त्यांनी कॉम्प्युटरवर चादर टाकली. ती पुढे बरेच दिवस तशीच होती. मी दोन-तीनदा विषय काढला, त्यांनी टाळला. बोर्डाची खटपट, दुकानाच्या खेपा, सगळं वाया गेलं असं मला वाटायला लागलं. आणि नवल म्हणजे त्याचं मला माझ्या फजितीपेक्षाही जास्त वाईट वाटत होतं.

चादर काढली ती समोरच्या वहिनींनी. या वहिनी एकेकाळी आक्कांच्या पत्त्यांतल्या जोडीदार, आणि चुका ऐकून सर्वात आधी पळालेल्याही. त्या ब्लाऊजची चौकशी करायला आल्या आणि विचारलं, "आक्का, हा मोटारींचा टीव्ही बंद पडला काय?" आक्कांनी नाइलाजानं एक शर्यत दाखवायला सुरू केली आणि पहिल्याच वळणावर भिंतीवर गेल्या.

वहिनी ओरडल्या, "ब्रेक मारायचा की!"

"तू मार."

"मी मारला असता."

"मग बस!"

मी जिन्यात होतो. त्या गेममध्ये पडदा दुभागून दोघांना एकाच कीबोर्डवर खेळता येतं, हे मला क्लासच्या कृपेनं पक्कं माहीत होतं. मी काहीही व्याख्यान न देता ते लावून दिलं. वहिनींनी डाव्या हाताकडची बटणं घेतली, आक्कांनी उजवीकडची. पहिल्या दोन शर्यती आक्कांच्या. तिसरी वहिनींची.

"डाव परत!" आक्का गरजल्या.

"परत तर परत," वहिनी म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढली. त्यांचं दूध त्या दिवशी खरोखरच उतू गेलं. त्यांची सून सांगायला आली आणि तीही बघत उभी राहिली.

मग गल्लीच लोटली. दुपारी बायका नंबर लावून बसायच्या. आक्का जिंकल्या की हरलेलीला चुका सांगायच्या आणि ती गुपचूप ऐकायची, कारण खुर्ची सोडली की नंबर गेला. हळूहळू त्यांना चुका ऐकायची गोडीही लागली. एकमेकींना सांगायला लागल्या. एक बाई लग्नाचा ब्लाऊज वेळेत मिळाला नाही म्हणून तावातावानं भांडायला आली होती. दोन शर्यती खेळून, "उद्या दिला तरी चालंल," म्हणून गेली.

पुढे मला पुण्यात नोकरी लागली. तिथं मी पहिल्या पगारातून स्वतःसाठी पूर्ण मापाचा मदरबोर्ड घेतला. पुष्कळ स्लॉट. एक सोडून सगळे शेवटपर्यंत रिकामे राहिले, अधूनमधून फुंकर मारून मी त्यांतली धूळ तेवढी काढायचो.

कोल्हापूर सोडलं त्या दिवशी दुपारी बॅग घेऊन खाली आलो तेव्हा शर्यत ऐन रंगात होती. आक्का विरुद्ध वहिनी, मागे सहा-सात जणी. मी आक्कांच्या खुर्चीशी जाऊन पाया पडायला वाकलो.

"थांब," पडद्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "वळण हाय."

मी तसाच वाकून राहिलो. बायका हसायला लागल्या. वळण लांबलचक असावं, कारण माझी कंबर भरून आली. आणि मग माझ्या डोक्यावर हात पडला. खडूची भुकटी लागलेला, सुयांनी टोचून टोचून खरखरीत झालेला हात. तो एक क्षण टेकून निघून जाईल असं वाटलं होतं. तो तिथंच राहिला.

पडद्यावरून धाडकन आवाज आला. वहिनी टाळ्या पिटत ओरडल्या, "पयला! माझा पयला!"

आक्कांनी डाव परत मागितला नाही. त्यांचा हात अजून माझ्या डोक्यावर होता.

"जा," त्या म्हणाल्या. "नीट जा. मी काय सोडली न्हाय हां गाडी. गेली ती."